शेत आहे, सातबारा फाटलाय

तर झालं असं, की दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी शिराळ्याला गेलो होतो. शिराळा म्हणजे सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा, नागपंचमीचं. तिथे माझे चुलते राहतात, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. निवृत्त तलाठी. त्यांच्याकडे २०११ साली घेतलेला एक डेस्कटॉप आहे आणि त्या डेस्कटॉपचा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर अर्थातच मी. घरातलं एक पोरगं कम्प्युटरमध्ये गेलं की ही पोस्ट त्याला आपोआप मिळते. पगार नाही, पण चहा आणि मान भरपूर.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ते मशीन विंडोज ११ ला चालण्यातलं नाही. म्हटलं, लिनक्स टाकून देऊ. तात्यांना लागतं काय? ब्राउझर, अर्ज टाइप करायला काहीतरी, आणि फोटो. अर्ध्या तासाचं काम. (इंजिनियर ज्या कामाला 'अर्ध्या तासाचं' म्हणतो त्या कामाचं पुढे काय होतं, ते जाणकारांना सांगायला नको.)

मशीनमध्ये दोन डिस्क. एक १२० जीबीची एसएसडी, मीच मागे बसवलेली, तिच्यावर विंडोज. दुसरी १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, तिच्यावर डी आणि ई असे दोन ड्राइव्ह. बेत साधा होता: विंडोज उडवायचं, डी आणि ईला हात लावायचा नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, जीपार्टेड उघडलं. माझ्या डोक्यात पक्कं, की पहिली डिस्क, म्हणजे एसडीए, ही एसएसडीच. प्रत्यक्षात पहिल्या केबलवर जुनी डिस्क होती.

जीपार्टेड हा तसा सभ्य प्रोग्रॅम आहे. तुम्ही सांगितलेली कामं तो रांगेत लावून ठेवतो आणि 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. या सभ्यपणाला एक मोठा अपवाद आहे, 'नवीन पार्टिशन टेबल तयार करा'. ते तिथल्या तिथे होतं. आधी तो ठळक इशारा देतो, की या डिस्कवरचा सगळा डेटा जाईल. मी तो इशारा वाचला. घालवायचाच होता ना डेटा! ओके.

मग १०० जीबीचं पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, इन्स्टॉल सुरू. उरलेली जागा किती दाखवतोय हे बघितलंसुद्धा नाही. तात्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. तीनेक मिनिटांनी ते म्हणाले, "लई आवाज करतंय रं हे."

खरखर, खरखर.

एसएसडीला आवाज नसतो. पॉवरची केबल उपसून काढली तेव्हा माझे हात गार पडले होते.

डी ड्राइव्हवर काय होतं ते सांगतो. तात्यांनी २००४ साली डिजिटल कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून दर नागपंचमीला फोटो काढले. त्याआधीचे, म्हणजे १९७८ पासूनचे, गल्लीतल्या लोकांकडचे प्रिंट त्यांनी मागून आणले, स्कॅन केले आणि परत दिले. असे सहाशेच्या वर स्कॅन. मडक्यातले नाग, ट्रॅक्टरवरची मिरवणूक, अंबामातेचं देऊळ, नवी साडी नेसून पूजेचं ताट घेतलेल्या बायका. ती प्रथा योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा, मग न्यायालयाचे निर्बंध, आणि २०१४ पासून जिवंत नागांची जाहीर पूजा आणि मिरवणूक बंद. मुद्दा एवढाच, की ते फोटो परत काढता येणार नाहीत. प्रत्येक स्कॅनला तात्यांनी नाव दिलेलं होतं: साल, जागा, डावीकडून कोण कोण. निवृत्तीनंतरची त्यांची सहा-सात वर्षं त्या नावांत गेली होती.

"तात्या, जरा गडबड झालीय."

"किती?"

आता निवृत्त तलाठ्याला पार्टिशन टेबल कसं समजावायचं? पण खरं सांगतो, माझ्या टीममधल्या कोणालाही समजावणं याहून अवघड गेलं असतं. पार्टिशन म्हणजे वाटणी आणि पार्टिशन टेबल म्हणजे तिचा सातबारा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातल्या फक्त ६४ बाइटमध्ये चार नोंदी बसतात, प्रत्येकी १६ बाइटच्या: हा तुकडा इथून सुरू, इतका लांब, या प्रकारचा. १ टीबीच्या डिस्कवर असे १९५ कोटींहून जास्त सेक्टर असतात. मी 'ओके' दाबलं तेव्हा त्यातल्या जेमतेम दोन-चार सेक्टरांना धक्का लागला. बाकी सगळं जिथल्या तिथे. फक्त कुठला तुकडा कुठून सुरू होतो, हे सांगणारा कागद गेला.

"म्हंजी शेत हाय, सातबारा फाटलाय," तात्या म्हणाले.

"हो. पण..."

"पण काय?"

"पण मी त्यात थोडं नांगरलंय."

"किती गुंठं?"

हा प्रश्न मला कुठल्याही डेटा रिकव्हरीच्या पुस्तकात सापडला नव्हता, आणि खरं तर हाच एकमेव प्रश्न आहे. नुसतं टेबल गेलं असतं तर दहा मिनिटांत परत आणलं असतं. नुकसान केलं ते त्यानंतरच्या तीन मिनिटांनी. त्या तीन मिनिटांत लिनक्सने डी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात काही जीबी लिहिलं होतं. आणि एनटीएफएसमध्ये सगळ्या फाइलींची मुख्य यादी, नावं, तारखा, कुठल्या फोल्डरमध्ये काय, हे सहसा त्याच सुरुवातीच्या भागात असतं. नेमकं तिथेच मी नांगर घातला होता.

"मग आता रानात पाऊल टाकू नगंस," तात्या म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांचं वाक्य मात्र सोळा आणे खरं होतं. अशा वेळी हात शिवशिवतात. 'तेवढ्याच मापाचं पार्टिशन परत केलं तर?' 'विंडोज फॉरमॅट करू का विचारतंय, हो म्हणून बघू?' 'नेटवर एक रिकव्हरी सॉफ्टवेअर आहे, त्याच डिस्कवर टाकून चालवू?' यातल्या प्रत्येक गोष्टीने आणखी काही गुंठे जातात. चूक झाल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. आमच्या धंद्यात झटपट हालचाल करणाऱ्याला हुशार म्हणतात, त्यामुळे हे आम्हाला सर्वांत जड जातं.

संध्याकाळी कराडला जाऊन २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली. किंमत सांगत नाही, पण पुण्यात मित्रांबरोबरच्या दोन वीकेंडच्या हॉटेलिंगमध्ये बसली असती. हीच डिस्क मी पाच वर्षांपूर्वी आणून ठेवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. असो.

रात्री जुन्या डिस्कची सेक्टर न् सेक्टर नक्कल काढायला लावली. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. ते कुठपर्यंत पोचलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवत जातं. मशीनला यूएसबी २ चे पोर्ट, म्हणजे १ टीबीला नऊ-दहा तास. पहाटे लाइट गेली. परत आली तेव्हा त्या नोंदीवरून काम पुढे सुरू झालं. इथून पुढचं सगळं नकलेवर करायचं, मूळ डिस्क कपाटात. मूळ दस्तावर खाडाखोड करायची नसते, हे तलाठ्याला मी सांगायची गरज नव्हती.

रविवारी मोजणीदार बोलावला. त्याचं नाव टेस्टडिस्क. क्रिस्तॉफ ग्रनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेला, मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, दिसायला काही नाही. तो करतो एवढंच: टेबलावर विश्वास न ठेवता डिस्कभर फिरतो आणि हद्दीचे दगड शोधतो. प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीला त्याची ओळख सांगणारा एक सेक्टर असतो, आणि एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटीही ठेवतं. ई ड्राइव्हचे दोन्ही दगड सापडले. आतल्या फाइली नावानिशी दिसल्या. टेबल लिहिण्याआधी यादी उघडून बघायची सोय आहे, ती जरूर वापरावी. ई पूर्ण परत आला.

ई ड्राइव्हवर सिनेमे होते.

डीचा फक्त शेवटचा दगड सापडला. हद्द कळली, आतली यादी गेलेली. मग शेवटचा उपाय, टेस्टडिस्कचाच भाऊ फोटोरेक. हा यादी, फोल्डर, नावं काही बघत नाही. रानातून सरळ चालत जातो आणि पिकावरून ओळखतो: हा ऊस, हा भात. प्रत्येक जेपीईजी ठरावीक बाइटांनी सुरू होते, ती खूण दिसली की तिथून फाइल उचलायची. दुपारपर्यंत त्याने एकतीस हजार फाइली बाहेर काढल्या. त्यात कार्यक्रमांची चित्रं, आयकॉन, अर्धवट तुकडे, सगळा पालापाचोळा, आणि त्यात आमचे फोटो. कॅमेऱ्याच्या फोटोंचं काम सोपं गेलं, कारण कॅमेरा तारीख-वेळ फोटोच्या आतच लिहितो. त्यावरून ते सालवार लागले. काही थोडे माझ्या नांगराखाली गेले ते गेलेच.

आणि ते सहाशे स्कॅन? बहुतेक सगळे आले. पण नावं अशी: एफ आणि पुढे आठ आकडे. तो आकडा म्हणजे ती फाइल डिस्कवर कितव्या सेक्टरला सापडली तो. म्हणजे गट नंबर आहे, पण मालकाचं नाव नाही.

मी उत्साहात तात्यांना म्हटलं, "आले की सगळे!" त्यांनी एकेक फोटो बघितला. चष्मा काढला. "माणसं आली," म्हणाले, "पण कोण हायती हे गेलं की."

इथे मला माझ्या धंद्याबद्दल काही बोलायचं आहे. आपण 'डेटा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात फाइलीच्या आतलं असतं. नाव, फोल्डर, क्रम ही आपल्याला वरची सजावट वाटते. पण बाइट कॅमेऱ्याने आणि स्कॅनरने लिहिले होते, नावं माणसाने लिहिली होती. रिकव्हरीची साधनं यंत्राने लिहिलेलं परत देतात. माणसाने लिहिलेलं कोण देणार?

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. ऑफिसमध्ये माझ्या चार ओळींच्या बदलालाही दोन जणांची मंजुरी लागते. प्रॉडक्शनवर हात लावायचा तर आधी बॅकअप, मग तालीम, मग रात्रीची वेळ. तरीही चुका होतातच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनियरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही धड कामाची निघाली नाही. सहा तास आधी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर ते वाचले. त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं म्हणून माझ्यासारख्यांनी ते वाचलं, टीममध्ये त्यावर चर्चाही केली. मी स्वतः केली! आणि आठ वर्षांनी शिराळ्यात तीच चूक केली, चुकीची डिस्क बरोबर समजून.

कारण माझ्या लेखी ते प्रॉडक्शन नव्हतंच. घरचा कम्प्युटर म्हणजे 'बघून देतो' प्रकार. कंपनीचा कोड उद्या जळला तर चार जणांच्या लॅपटॉपवरून परत उभा राहील. तात्यांच्या नावांची जगात एकच प्रत होती, एका चौदा वर्षांच्या डिस्कवर, आणि ती डिस्क मी 'अर्ध्या तासात' हाताळत होतो. आपण ज्याचे पगार घेतो त्याची इतकी काळजी, आणि ज्यात आपली माणसं आहेत त्याची इतकी हयगय, हे काही बरोबर नाही. मला वाटतं, आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रॉडक्शन आईवडिलांच्या कपाटात आणि फोनमध्ये आहे, आणि त्याचा अॅडमिनिस्ट्रेटर आपण आहोत. नावापुरते.

म्हणून मी आता काही गोष्टी पाळायच्या ठरवल्या आहेत.

पहिली: डिस्कला हात लावण्याआधी तिचं नाव, कंपनी आणि आकार शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. तो माणूस तांत्रिक असायची गरज नाही. मी जर "९३१ जीबीची डिस्क पुसतोय" असं म्हटलं असतं, तर तात्या म्हणाले असते, "एवढी मोठी तर फोटोंचीच हाय." ज्या डिस्कशी काम नाही तिची केबल काढून ठेवायची, हे त्याहून चांगलं.

दुसरी: एक प्रत गावाबाहेर. आमच्या जिल्ह्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेत. पुरात कम्प्युटर आणि त्याच टेबलावरची बॅकअप डिस्क एकत्रच जातात. तात्यांची एक डिस्क आता पुण्यात माझ्याकडे असते.

तिसरी: नाव फाइलच्या बाहेर नाही, आत लिहायचं. फोटोच्या आत मजकूर ठेवायची जागा असते आणि डिजिकॅमसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो टाइप करता येतो. आत लिहिलेलं असतं तर फोटोरेकने ते फोटोबरोबरच परत आणलं असतं. जुन्या लोकांनी प्रिंटच्या मागे पेन्सिलने नावं लिहिली, तीच ही गोष्ट.

आणि एसएसडीवाल्यांना एक इशारा. माझी ही गोष्ट फिरत्या डिस्कची आहे. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय असते. फाइल पुसली किंवा पार्टिशन फॉरमॅट केलं की ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवलं जातं आणि डिस्क ती खरोखरच साफ करून टाकते. लिनक्समध्ये ईएक्सटी४ फॉरमॅट करताना तर हे आपसूक होतं. म्हणजे शेतच नाहीसं. मग मोजणीदार आणून उपयोग नाही.

आता प्रिंटच्या मागच्या पेन्सिलीबद्दल. रविवारी संध्याकाळी तात्याच म्हणाले, की २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, तेव्हा जळालेल्या फायली खालच्या ऑफिसांतल्या प्रतींवरून परत तयार कराव्या लागल्या. "आपल्या प्रती बी लोकांकडंच हायती की. चल, उठ."

आम्ही लॅपटॉप घेऊन गल्लीत निघालो. ज्यांच्याकडून त्यांनी प्रिंट आणले होते त्या घरांत. काही ठिकाणी अल्बम वाळवीने खाल्लेले, काही ठिकाणी सून म्हणाली, "माळ्यावर असतील, बघायला लागतील." पण बऱ्याच ठिकाणी ट्रंका उघडल्या. प्रिंट उलटा केला की मागे निळ्या शाईत किंवा पेन्सिलीत नावं. एका आजींना तर नावं वाचायची गरज नव्हती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून अकरा जण सांगितले, त्यातल्या सात जणांच्या आधी 'कैलासवासी' लावून. मी टाइप करत गेलो, या वेळी फोटोच्या आत.

त्यानंतर दर महिन्याला एक वीकेंड मी पेठ नाक्यावर उतरून शिराळ्याला जातो. आतापर्यंत चारशेच्या वर फोटोंना नावं परत मिळाली आहेत. उरलेल्यांचं एक फोल्डर आहे, त्याला तात्यांनी 'अनोळखी' असं नाव दिलंय. त्यातल्या एका फोटोत मोरणेच्या पुलावर दोन पोरं एक मडकं मध्ये धरून उभी आहेत, दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता मडक्याकडे बघतायत. तात्यांना पक्कं आठवतं, की हे नाव त्यांनी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही. ज्यांच्याकडून प्रिंट आणला ते गृहस्थ २०१९ साली गेले आणि त्यांचं घर विकलं गेलं.

डेस्कटॉपवर लिनक्स आता छान चालतंय. तात्या खूश आहेत. मी विचारलं, "तात्या, राग नाही आला?"

"आला की," ते म्हणाले. "पण तू लगेच सांगितलंस. फेरफार लपवला असतास तर वाईट झालं असतं."

शनिवार आहे, वेळ आहे. घरी फोन लावा आणि विचारा, फोटो कुठे आहेत आणि किती ठिकाणी आहेत. आणि एखाद्या जुन्या फोटोत कोण कोण आहे तेही विचारून घ्या. सांगणारं माणूस आहे तोवर.